मेलवरून कॅलेंडरात: आठ महिने वापरून

गावातल्या व्याख्यानमाला, बैठका, कीर्तनं एकाच कॅलेंडरात दिसावीत म्हणून मी आमच्या वाचनालयासाठी एक सोय केली. आयोजकांनी मेल टाकायचा, स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, सोबतची आयसीएस फाइल (कार्यक्रमाची तारीख-वेळ असलेली कॅलेंडरची फाइल) वाचून नोंद करणार. फॉर्म मुद्दामच ठेवला नाही. सत्तरीतले कार्यवाह मेल बिनचूक करतात, फॉर्म म्हटलं की मलाच फोन लावतात.

पहिली चूक माझीच. पत्ता हँडबिलावर छापला आणि येईल ते थेट कॅलेंडरात जाऊ दिलं. तिसऱ्याच आठवड्यात 'आपल्याला मोबाइल लागला आहे' हा कार्यक्रम, तोही रोजचा! सगळ्यांच्या फोनवर आठवणीची घंटी. २०१९ मध्ये गुगल कॅलेंडरात अशाच आमंत्रणांचा सुळसुळाट झाला होता. मी तेव्हा शहाणा व्हायला हवं होतं.

आता नवख्याचा मेल रांगेत थांबतो, मी बघून सोडतो. ओळखीच्यांचा थेट जातो, पण नुसतं प्रेषकाचं नाव बघून नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो, मेलचंही तसंच. आधी एसपीएफ तपासत होतो, म्हणजे पत्त्यातल्या डोमेनने (@ नंतरच्या भागाने) जाहीर केलेल्या सर्व्हरच्या यादीतूनच मेल आला का ते. पण एका काकांचा मेल जुन्या पत्त्यावरून आपोआप पुढे ढकलला जाऊन येतो, आणि मधला सर्व्हर मूळ डोमेनच्या यादीत नसल्यामुळे दरवेळी नापास. डीकेआयएमची सही, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनने मेलवर केलेली डिजिटल सही, मजकुराला हात लागला नाही तर टिकते, म्हणून आता तीच बघतो.

'मेल मिळाला' हे आपोआप जाणारं उत्तर दुसऱ्या महिन्यात बंद केलं. स्पॅमवाले खोटा पत्ता लावतात, आमचं उत्तर जातं भलत्याच माणसाला.

सगळ्यात उपयोगी पडलं ते हे: जीमेलात पत्त्यातल्या नावापुढे अधिक चिन्ह टाकून काहीही जोडता येतं. प्रत्येक संस्थेला तशी वेगळी खूण दिली. एक फुटली की तेवढीच बंद करायची, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

स्पॅम आटोक्यात आहे. खरा ताप आपल्याच माणसांचा. तारीख बदलली की जुनीच फाइल सुधारून पाठवा, म्हणजे यूआयडी (फाइलमधला कार्यक्रमाचा ओळख क्रमांक) तोच राहून नोंद सरकेल, हे दहादा सांगितलं. तरी नवी फाइल येते आणि एकच बैठक दोन दिवशी दिसते. एकदा सायंकाळी ६ चं कीर्तन रात्री ११:३० ला लागलं, कारण वेळेपुढे झेड अक्षर होतं, म्हणजे यूटीसी, आपल्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ. बुवांचा फोन आला तेव्हा कळलं.

आणि निम्मे लोक फाइल पाठवतच नाहीत, निमंत्रणपत्रिकेचा फोटो पाठवतात. तो मी हाताने टाइप करतो. आज रांगेत तीन मेल आहेत: एक कर्जाचा, एक भजनी मंडळाचा, आणि एक नुसता फोटो, आडवा.