देवगडच्या धक्क्यावर विकत घेतलेली 'खोली'

गेल्या सप्टेंबरात देवगडच्या धक्क्यावर मी हातात धरून वापरायचा एक जीपीएस संच २१,५०० रुपयांना विकत घेतला आणि त्यात आधीच भरून ठेवलेल्या मासेमारीच्या ८६ जागांसाठी आणखी ४,००० रुपये मोजले. संच चालू होतो, उपग्रह पकडतो, बंदरातून निघालेल्या होडीला पुन्हा बंदरात आणूनही सोडतो. तरीही मी फसलो, आणि नेमका कसा फसलो हे सविस्तर लिहितो आहे, कारण तोच विक्रेता आता किनाऱ्यावरच्या दुसऱ्या बंदरांतून फिरत असल्याचे कानावर येते.

मी निवृत्त शिक्षक आहे. माझी एक छोटी फायबरची होडी आहे आणि सुट्टीच्या दिवशी शेजारच्या तांडेलांना, म्हणजे होडी हाकणाऱ्या जाणत्या मच्छीमारांना, सोबत घेऊन गळाने मासे धरायला जाण्याचा मला नाद आहे. तांडेल किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, शोधतात. म्हणजे डोंगराचे टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आला की तळ चाचपायला दोरीला बांधलेले शिसे सोडायचे. धुरकट हवेत या खुणा दिसत नाहीत, म्हणून मला यंत्र हवे होते.

विक्रेत्याने धक्क्याच्या कडेला उभे राहून संच चालू केला आणि पडद्यावरचा एक आकडा मला दाखवला : उणे ६ मीटर. थोड्या वेळाने तो उणे ९ झाला. 'भरती चालू आहे ना सर, पाणी वाढतंय,' असे तो इतक्या सहजपणे म्हणाला की आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलेल्या माणसाला शंका यायला हवी होती, ती आली नाही. तो आकडा पाण्याच्या खोलीचा नव्हताच, तो समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा होता. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून रेडिओ लहरी पाठवतात आणि त्या लहरी पाण्यात शिरत नाहीत. तळ मोजायचा तर ध्वनिलहरी सोडणारा फिश फाइंडर होडीला बसवावा लागतो. शिवाय ज्यांचे संदेश मिळतात ते सगळे उपग्रह आपल्या वरच्या बाजूला असतात, खाली एकही नसतो, त्यामुळे हा संच जागा जितकी अचूक सांगतो तितकी उंची सांगू शकत नाही. समुद्राच्या काठावर उंचीत पाच-दहा मीटरची चूक झाली की आकडा सहज उणे होतो, आणि त्या उणे आकड्याला त्या गृहस्थांनी 'खोली' असे नाव देऊन विकले. त्याच वेळी मी संच घेऊन धक्क्यावरून माझ्या घरापर्यंत, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढून गेलो असतो, तर आकडा वाढत जाऊन अधिक झाला असता आणि व्यवहार तिथेच संपला असता.

पहिल्याच फेरीत तांडेलांनी पडद्याकडे पाहून विचारले, 'मास्तर, ह्या यंत्राक तळ कसो काय दिसता?' आणि उत्तराची वाट न पाहता दोरीला बांधलेले शिसे सोडले. यंत्र उणे ९ मीटर दाखवत होते; दोरी १४ वाव गेली, म्हणजे साधारण २५ मीटर.

त्या ८६ जागांचे प्रकरण याहून चमत्कारिक निघाले. सलग तीन रविवार आम्ही त्यांतल्या अकरा जागांवर गेलो. तांबोशी आणि हेकरू हे खडपाला राहणारे मासे. आमच्या शिशाला मात्र प्रत्येक ठिकाणी वाळू आणि चिखल लागला. घरी येऊन मी सगळे आकडे वहीत उतरवले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. संचात अंश, मिनिटे आणि मिनिटांचे दशांश अशी मांडणी होती, परंतु दशांश चिन्हानंतरचा तिसरा अंक सर्वत्र शून्य होता, आणि पहिले दोन अंक मिळून होणारी संख्या एकदाही ५९ च्या वर गेलेली नव्हती. १७२ आकड्यांमध्ये असे योगायोगाने घडत नाही. कोणाच्या तरी यादीतले सेकंद तसेच्या तसे दशांश म्हणून टंकलेले होते. उदाहरणार्थ, २० मिनिटे ४५ सेकंद हे अक्षांश २०.७५० असे लिहायला हवे होते, ते २०.४५० झाले होते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. तेव्हा ही चूक ५५६ मीटरची झाली. रेखांशातली चूक तिच्यात मिळवली की होडी खडपापासून अर्धा-पाऊण किलोमीटर दूर उभी राहते. मी सगळे आकडे दुरुस्त करून तांडेलांना दाखवले. त्यांनी यादीवरून बोट फिरवत एकेक खडपाचे नाव सांगितले. त्यांतली बहुतेक त्यांना लहानपणापासून ठाऊक होती, त्यामुळे माझे चार हजार रुपये शुद्धलेखनासह वाया गेले असे म्हणायला हरकत नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. 'पाण्यावर तरंगतो' असे सांगितलेला संच बादलीत सोडताच तळाला गेला आणि काढल्यावर काचेच्या आत वाफ धरलेली होती. पाठीवर आयपीएक्स ७ असे छापलेले आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवा. पण बॅटरीच्या झाकणाखालची रबरी कड कोणीतरी काढून गोंदाने पुन्हा चिकटवलेली होती. झाकणाखालच्या चिठ्ठीवरचा अनुक्रमांक खरवडलेला होता. हे सगळे धक्क्यावरच पाहता आले असते. मी बादलीचा विषय काढलाही होता, पण 'नवी वस्तू कशाला भिजवता' या उत्तरावर गप्प बसलो. ज्याची वस्तू खरोखर तरंगते त्याला बादलीचे भय का वाटावे, हा प्रश्न मला घरी पोहोचल्यावर सुचला.

पैसे परत मिळालेले नाहीत. पावती म्हणून मिळालेल्या कागदावर जीएसटी क्रमांक नाही, यूपीआयने दिलेली रक्कम भलत्याच नावाच्या खात्यात गेली आहे आणि फोन बंद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी लावला. तिथे विक्रेत्याचे नाव आणि पत्ता विचारतात, आणि माझ्याकडे नेमके तेच नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, परंतु प्रतिवादी कोण हे लिहिल्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही. पोलिसांकडे अर्ज दिला आहे.

संच पिवळ्या-काळ्या रंगाचा आहे, खोक्यावर आयातदाराचे नाव नाही, आणि जागांना 'डीजी ०१' ते 'डीजी ८६' अशी नावे दिलेली आहेत. कोणी अशी यादी दाखवली तर आधी दशांशाचा तिसरा अंक पाहावा.