रेडॉन मीटर: पावसाळा काढल्यानंतरचं मत

रेडॉन म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा, रंग-वास नसलेला किरणोत्सारी वायू. तो मोजायला तळघरात ठेवायचं यंत्र, आणि स्क्रीनला लाइट नाही! बाकीचं नंतर, आधी हे. उन्हाळ्यापासून मी एका हातात मोबाइलचा टॉर्च धरून आकडे वाचतोय. एवढे पैसे घेता, त्यात दहा रुपयांचा एलईडी बसत नव्हता?

आता लिहायचं कारण म्हणजे पावसात सेल पाझरले. सर्व्हिस सेंटर म्हणतं, ओल लागलीय, वॉरंटीत बसत नाही. ओल असणारच की, कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं तळघर आहे ते, गच्ची नव्हे. शेवटी लिंबू चोळून पट्ट्या मीच साफ केल्या. चालू झालं.

घेताना वाटलं होतं, आपल्याकडं सगळा काळा दगड. या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, ग्रॅनाइटच्या मानानं युरेनियम कमी, आणि रेडॉन होतो युरेनियमपासून, म्हणजे आकडा किरकोळच येणार. वरच्या मजल्यावर आलाही तसाच. पण पोरगं जिथं अभ्यासाला बसतं त्या तळघरात, जुलैत खिडक्या बंद झाल्यावर १३०-१४० बेकेरल (एक घनमीटर हवेतला किरणोत्सार मोजायचं माप)! सर्व्हिस सेंटरला फोन लावला तर, "सर, अलार्म वाजला का? नाही ना? मग सेफ आहे." अलार्म वाजतो १४८ ला, कारण तो अमेरिकेतल्या मर्यादेच्या हिशोबानं लावलाय (लिटरमागं ४ पिकोक्युरी, हे तिकडचं माप, म्हणजेच आपले १४८ बेकेरल). जागतिक आरोग्य संघटना १०० म्हणते, आणि तेवढं जमतच नसेल तर निदान ३०० च्या वर नको. अलार्मचा आकडा बदलायची सोय? नाही. लाइटसारखीच.

इथवर दोनच स्टार देणार होतो. मत बदललं ते एक्झॉस्ट फॅनमुळं. कोंदट वास जावा म्हणून घरच्यांनी तो दिवसरात्र चालू ठेवला, तर आकडा उतरायचं सोडून चढला. फॅन हवा बाहेर ओढतो, खोलीतला दाब कमी होतो, मग फरशीच्या भेगांतून आणि पाइपाभोवतीच्या फटींतून जमिनीतला वायू आत येतो. हे यंत्र नसतं तर कधीच कळलं नसतं. वायरमनला म्हटलं, फॅन उलटा बसव, बाहेरची हवा आत ढकलू दे. "साहेब, आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतोय," म्हणत बसवला बिचाऱ्यानं. भेगा, फटी सिमेंट-सिलिकॉननं बुजवल्या. आठवड्याची सरासरी साठाच्या खाली आली. सरासरीच बघा, एका दिवसाचा आकडा वाऱ्यापावसावर नाचतो.

एक फुकटचा फायदा. अनेक देशांत धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण रेडॉन आहे, आणि ओढणाऱ्याला धोका कितीतरी जास्त. हे वाचून दाखवल्यावर आमच्या काकांनी तळघरातला विडीचा अड्डा हलवला. विडी सोडली नाही, अड्डा हलवला.

घ्यायचं का? एकट्यानं नको. आकडा एकदा बसला की रोज बघायचं काही उरत नाही. गल्लीत तळघरवाली चार घरं असतील तर वर्गणी काढा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या तळघरात पाणी शिरलं, त्यांनी फरशीच्या भेगा आधी बघाव्यात. आमचं यंत्र सध्या शेजाऱ्यांकडं आहे. सेल त्यांचे.