कॉफीच्या काट्यापायी ५९,८४८ रुपये

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कॉफी मोजायचा काटा वजन चुकीचं दाखवत होता, तो दुरुस्त करायला गेलो आणि ५९,८४८ रुपये घालवून बसलो. काट्याची किंमत १,७४९ रुपये. नवे चौतीस काटे आले असते आणि वर चिकमगळूरची चांगली कॉफी.

काटा मुलीनं दिलेला. निवृत्त झाल्यावर मला हा नाद लागला. कॉफी गाळायचा व्ही-६०चा शंकू, कागदाचा फिल्टर, १५ ग्रॅम पूड, २४० ग्रॅम पाणी. घरात याची यथेच्छ टिंगल होते. ‘चहाला चमचा पुरतो, यांच्या कॉफीला सोनाराचा काटा लागतो,’ इति आमची ही. पण मला मोजमापात रस आहे. भोसरीच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं क्वालिटीत काढली, त्यातली बावीस कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे मोजायची साधनं बरोबर मोजतात का ते तपासण्यात. व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्रेशर गेज, वजनकाटे. माझ्या सहीच्या स्टिकरशिवाय शॉपवर एक गेज वापरात यायचं नाही. हे बढाई म्हणून नाही, पुढे माझी अक्कल किती गहाण पडली ते कळावं म्हणून सांगतोय.

मे महिन्यात कॉफी पांचट लागायला लागली. पूड तीच, दळण तेच. म्हणून काट्यावर संशय आला. दहाचं नाणं ठेवलं, ७.७ ग्रॅम. बरोबर. पाचाचं जुनं नाणं, ६.० ग्रॅम. तेही बरोबर. (घरी वजनं नसतील तर नाणी वापरा, पण छाप बघून. पाचाचं २०११ च्या मालिकेतलं नाणं ६ ग्रॅमचं, २०१९ नंतरचं ६.७४ ग्रॅमचं.) मग काचेचं भांडं ठेवून टेअर केलं, म्हणजे काटा शून्यावर आणला, आणि मापाच्या कपानं अर्धा लिटर पाणी ओतलं. ४९८-५०० यायला हवं, आलं ४५२. म्हणजे मी २४० समजून पाणी बरंच जास्त ओतत होतो. सेल बदलले, ४० रुपये. फरक नाही. ओटा हलत असेल म्हणून काटा फरशीवर ठेवला. तेच. शेगडीजवळ गरम होत असेल म्हणून रात्रभर बाजूला ठेवून सकाळी पुन्हा मोजलं. ४५३.

इथे जरा थांबा. हलकं वजन बरोबर, जड वजन कमी. माझ्या हाताखालच्या कुठल्याही आयटीआयच्या पोरानं सांगितलं असतं की ही कॅलिब्रेशनची चूक नव्हे. स्पॅन, म्हणजे काट्याचं एकूण प्रमाणच, सरकला असता तर नाण्यालाही तेवढ्याच टक्क्यानं मार बसला असता, ७.७ चे सात झाले असते. जड वजनालाच कमी दाखवतो म्हणजे तबक दबल्यावर खाली कुठेतरी टेकतंय. काट्याच्या पोटात वजन मोजतो तो लोड सेल. तो म्हणजे तरी काय, एका टोकाला धरलेली धातूची पट्टी. ती वजनानं किंचित वाकते आणि तिच्यावर चिकटवलेले स्ट्रेन गेज ते वाकणं मोजतात. तबक मध्येच टेकलं की काही भार पट्टीवर येतच नाही. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून बघायची चाचणी मी प्लॅटफॉर्म काट्यांवर शेकडो वेळा केली असेल. घरी एकदाही केली नाही. का? कारण मोबाईल हातात होता.

काट्याच्या कंपनीचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर’ टाकून शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. खोक्यावर ईमेल पत्ता छापलेला होता, हे मला नंतर दिसलं. खोकं माळ्यावर होतं. शोधल्यावर जे सगळ्यात वर येतं ते पैसे मोजून वर आलेलं असू शकतं. नंबर घ्यायचा तो खोक्यावरून, बिलावरून, वॉरंटी कार्डावरून. माळ्यावर चढा, पण तिथून घ्या.

दुसऱ्या रिंगला फोन उचलला. खऱ्या कस्टमर केअरवाल्यानं कधी दुसऱ्या रिंगला फोन उचललाय? हिंदीत बोलत होता, अतिशय अदबीनं. मॉडेल विचारलं, सिरीयल नंबर लिहून घेतला. मी सगळी मापं सांगितली. ‘सर, आप तो टेक्निकल आदमी हो, आपसे बात करके अच्छा लगा.’ खरं सांगतो, निवृत्तीनंतर तीन वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी खुलून बोललो.

मग म्हणाला, काट्याचा ‘कॅलिब्रेशन कोड’ करप्ट झालाय, आम्ही इथून रिमोट कॅलिब्रेशन करून देतो.

रिमोट कॅलिब्रेशन! अहो, मास्टर वजनाशिवाय कॅलिब्रेशन होत नाही. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी शिकवायचो ते हेच. तुलना कशाशी करणार? या काट्याचं खरं कॅलिब्रेशन करायला तर ५०० ग्रॅमचं वजन ठेवावं लागतं, माहितीपत्रकात चित्र काढून दिलंय. आणि माझ्या काट्यात ब्लूटूथ नाही, वायफाय नाही, काही नाही. दोन सेल आणि दोन बटणं. तो त्याला तिथून हात कुठून लावणार होता? हा प्रश्न माझ्या मनात आला. खोटं नाही सांगत, आला. आणि मी स्वतःच त्याचं उत्तर तयार केलं: फोनमार्फत करत असतील, हल्ली काय काय निघालंय, आपलं जुनं झालं. आपण मागे पडलोय ही भीती असते ना, ती माणसाला मूर्ख करते. ‘हे कसं शक्य आहे?’ एवढं एक वाक्य मोठ्यानं बोललो असतो तर पैसे वाचले असते. बावीस वर्षं हेच वाक्य बोलण्याचा पगार घेतला होता.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, सगळ्यांचं तेच असतं. व्हॉट्सअपवर फाईल आली, नावाच्या शेवटी ‘एपीके’, म्हणजे ॲप टाकायची फाईल. फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, टाकू का? टाक. मेसेज वाचायची परवानगी? दिली. वजनकाट्याला माझे मेसेज कशाला वाचायचेत, हे विचारलं नाही. मग नोंदणीचे पाच रुपये, कार्डनं. पाचच रुपये आहेत म्हटल्यावर हात आखडत नाही, तिथेच खरी मेख आहे. कार्डाचा पूर्ण नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं त्या पानावर भरलं. ओटीपी आला, तो मीच टाकला. चष्मा कपाळावर होता, सहा आकडे तेवढे वाचले. त्याच ओळीत रक्कम लिहिलेली होती. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा हो. आकडा नंतर, रक्कम आधी.

११ वाजून ४१ मिनिटांनी २४,९९९. ११:४३ ला पुन्हा २४,९९९. दुसरा ओटीपी मला दिसलाच नाही, त्या ॲपनं परस्पर उचलला. तो माणूस फोनवर म्हणत होता, ‘सर, स्केल को हाथ मत लगाना, प्रोसेस चालू है.’ आणि मी ओट्यापाशी हात मागे बांधून उभा! ते पाच रुपये तर कधी कापलेच गेले नाहीत.

खातं जॉइंट आहे, हिच्या फोनवरही मेसेज येतात. आतून आवाज आला, ‘अहो, पन्नास हजारांचं काय घेतलंत?’

११:५८ ला बँकेला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा. दाबलं. पुढे इंग्रजी. खात्याच्या माहितीसाठी एक, कर्जासाठी दोन, आमच्या नव्या ठेव योजनेबद्दल ऐका. घर पेटलंय आणि हे ठेव योजना ऐकवताहेत. १२:०९ ला माणूस भेटला. ‘कार्ड ब्लॉक केलं सर,’ म्हणाला, तक्रार क्रमांक दिला. मी वेळेसकट कॅलेंडरवर लिहिला. जुनी सवय. त्या दिवशी मी शहाण्यासारखं केलेलं ते एकमेव काम. कारण १२:१६ ला आणखी ९,८५० गेले. ब्लॉक केलेल्या कार्डावरून!

तुमच्यावर वेळ आली तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला करा, बँकेला दुसरा. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंत अडवता येतात. मला हे भाच्यानं दुपारी तीनला सांगितलं. आणि असलं ॲप शिरलं असेल तर फोन ताबडतोब विमान मोडवर टाका, बोलायला दुसऱ्याचा फोन घ्या. मी सगळी बोलणी त्याच फोनवरून केली, म्हणजे चोराला घरात ठेवूनच पोलिसांना बोलावलं.

पोलिसांचं काय सांगू. आमच्या हद्दीतल्या ठाण्यात म्हणाले, हे आमच्याकडे नाही, सायबरला जा. सायबरला म्हणाले, आधी बँकेचं शिक्क्यानिशी स्टेटमेंट आणा. बँकेत म्हणाले, शिक्का होम ब्रँचचा लागेल. होम ब्रँच भोसरीत, पगाराचं खातं होतं तेव्हापासूनची. तिथे त्या दिवशी सर्व्हर बंद. दुसऱ्या दिवशी शिक्का मिळाला, तो घेऊन सायबरला, तर साहेब बंदोबस्तावर. पाच चकरा झाल्या. रिक्षाचेच ७६० रुपये गेले, ते मी वरच्या रकमेत धरलेले नाहीत. शेवटी एकानं तक्रार लिहून घेतली. ‘कॉफीचं वजन करता? कशाला?’ बाजूचे दोघं हसले. मी एकसष्ट वर्षांचा माणूस, पंख्याखाली बसून पूड आणि पाण्याचं प्रमाण समजावतोय. कागदावर त्यानं लिहिलं, ‘कॉपीचा काटा’. मी दुरुस्त करायला सांगितलं नाही. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी पोलीस ठाण्यानं माहिती नोंदवून घेतली पाहिजे असं १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलंय. कलम १७३. ते मी घरी आल्यावर वाचलं. तुम्ही जाण्याआधी वाचा आणि कागदावर छापून न्या, तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.

बँकेचा मॅनेजर माझ्या मुलीच्या वयाचा. ‘काका, ओटीपी तुम्हीच दिलात ना?’ पहिला दिला, कबूल. दुसरा ॲपनं चोरला. आणि तिसरा? तिसरा तर तुमच्या माणसानं कार्ड बंद केलं म्हटल्यावरचा! त्यानं मागच्या भिंतीवरच्या ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ या पोस्टरकडे बोट दाखवलं. चौतीस दिवसांनी तीन ओळींचं इंग्रजी पत्र आलं: ग्राहकाचा निष्काळजीपणा, बँक जबाबदार नाही. तिसऱ्या व्यवहाराचा उल्लेखही नाही.

आता हे नीट ऐका. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं. त्यात लिहिलंय की ग्राहकाच्या चुकीनं पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. मी १२:०९ ला कळवलं, व्यवहार १२:१६ चा. सात मिनिटं. कॅलेंडरचं ते पान स्कॅन करून, तक्रार क्रमांक जोडून, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. (आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते. तिनं फेटाळली किंवा तीस दिवस गप्प बसली, मगच तिथे जाता येतं.) काही आठवड्यांनी खात्यात ९,८५० जमा झाले. पत्र नाही, फोन नाही, चूक झाली एवढा शब्द नाही. बाकीच्या ४९,९९८ चं नाव काढायचं नाही.

म्हणून कळवल्याची वेळ लिहून ठेवा. मिनिटासकट.

आणि कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद ठेवा, लागतील तेव्हा चालू करा. हे बटण बँकांनी द्यायलाच हवं असा नियम २०२० पासून आहे. माझ्या बँकेच्या ॲपमध्ये ते पाचव्या पानावर आहे. ठेव योजना पहिल्या पानावर.

मुलगी बेंगळुरूहून आली तेव्हा तिला मी रक्कम निम्मी सांगितली. तिनं काही न बोलता काटा उलटा केला, वरचं स्टीलचं तबक उचकटलं. कॉफीचा एक दाणा बाहेर पडला. पीबेरी, गोल, वाटाण्यासारखा, तबकाच्या खाली एका कोपऱ्याला अडकलेला. अर्धा लिटर पाणी ठेवलं. ४९८.

गावाकडे वजनात मारणाऱ्याला ‘काटा मारला’ म्हणतात. इथे तर काटाही सरळ होता.

परराज्यातल्या कुठल्याशा खात्यात माझे ११,३०० गोठवलेत म्हणे. ते सोडवायला कोर्टात अर्ज टाकलाय. तिथल्या कारकुनानं कागद वाचता वाचता विचारलं, ‘आणि ती वस्तू? झाली का दुरुस्त?’

झाली म्हटलं.