सेकंडहँड लेजंड्स कार: एक अख्खा सीझन पळवल्यानंतरचा रिव्ह्यू

मंडळी, खूप दिवसांनी लिहितोय आणि जरा लांबच लिहिणार आहे, कारण गेल्या दोन महिन्यांत चार-पाच जणांनी विचारलं की ती जुन्या ढंगाची छोटी रेसिंगची गाडी घेतलीस ती कशी आहे, आम्ही घ्यावी का, किती पैसे लागतात वगैरे. एकेकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं एकदाच इथे लिहून टाकतो.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरी सॉफ्टवेअरची, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला येऊन अकरा वर्षं झाली. कोल्हापुरात कार्टिंगचं वेड आहेच, मोहितेंच्या ट्रॅकवर दोनदा-तीनदा पैसे जमवून गाडी फिरवली होती, आणि दादाची आरएक्स १०० खोलून परत जोडायची एवढाच काय तो मेकॅनिकचा अनुभव. इथे घरापासून शार्लट मोटर स्पीडवे, म्हणजे मोटार रेसिंगचा मोठा ट्रॅक, वीस मिनिटांवर, पण इतकी वर्षं आम्ही तिथे फक्त नाताळचं लायटिंग बघायला जायचो. मग एकदा जूनमध्ये मंगळवारी संध्याकाळी पोरीला घेऊन समर शूटआउट, म्हणजे तिथली उन्हाळ्यातली रेसची मालिका, बघायला गेलो, आणि समोर पन्नाशीची माणसं या छोट्या गाड्या एकमेकांच्या दाराला दार घासत पळवत होती. त्या रात्री घरी आलो तो झोपच लागली नाही.

तर गाडी. लेजंड्स कार हा प्रकार १९९२ साली इथेच, शार्लट मोटर स्पीडवेच्या लोकांनी काढला, आणि आजही ती शेजारच्या हॅरिसबर्गला बनते. १९३०-४० च्या दशकातल्या फोर्ड, शेव्हरोलेट कूपे-सेडानसारखी दिसणारी फायबरग्लासची बॉडी, पण मापात मूळ गाडीच्या ५/८. आत पाइपचा पिंजरा आणि यामाहाच्या बाइकचं इंजिन. नवीन गाड्यांत एफझी-०९ चं ८४७ सीसीचं तीन सिलिंडरचं, वॉटर-कूल्ड, फ्युएल इंजेक्शनवालं येतं, जुन्या गाड्यांत १२५० सीसीचं एअर-कूल्ड, चार सिलिंडर, चार कार्ब्युरेटर. माझी जुनी. गिअरबॉक्स पण बाइकचाच, त्यामुळे रिव्हर्स गिअर नाही, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या लावून कामं करतात त्या जागेत, मागे घ्यायची तर ढकला.

आपल्या लोकांना अंदाज यावा म्हणून सांगतो, लांबी साडेदहा फूट, म्हणजे मारुती ८०० पेक्षाही आखूड. ड्रायव्हर धरून वजन साधारण १३०० पाउंड, म्हणजे ५९० किलो, मारुती ८०० रिकामी असली तरी त्याहून जड असते, आणि ताकद मारुतीच्या तिप्पट. मागे सरळ एकजीव अॅक्सल, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार. माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही, काहीच नाही. पाय जे करेल ते गाडी करते.

आणि ट्रॅक म्हणजे मोठा दीड मैलांचा नव्हे बरं का. त्याच्या मुख्य ग्रँडस्टँडसमोर पाव मैलाचा सपाट ओव्हल आहे, शाळेच्या ग्राउंडवर चारशे मीटरचा ट्रॅक आखतात ना, बरोबर तेवढा. त्यावर अठरा-वीस गाड्या. एक चक्कर पंधरा-सोळा सेकंदात संपते, म्हणजे श्वास घ्यायला जागाच नाही, सरळ रस्ता सुरू झाला म्हणेपर्यंत पुढचं वळण आलेलं असतं. लोक म्हणतात फक्त डावीकडे वळायचं त्यात काय एवढं, त्यांना मी एकच सांगतो, एकदा बसून बघा. प्रत्येक चक्करला तेच वळण येतं पण कधीच तसंच येत नाही, टायर तापलेले असतात, शेजारी कोणीतरी आत घुसलेलं असतं, मागचा नाक लावून असतो, आणि तुम्हाला ब्रेकवरून पाय उचलून गॅसवर नेण्याचा तो अर्धा सेकंद रोज नव्याने शोधावा लागतो.

या गाडीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सगळ्यांची गाडी सारखी. इंजिन सील केलेलं, टायर सगळ्यांना एकाच प्रकारचे, वजन रेस झाल्यावर काट्यावर चढवून बघतात. ज्याच्याकडे जास्त पैसा त्याचं इंजिन मोठं, हा प्रकार नाही. त्यामुळे समोरचा तुमच्यापेक्षा अर्धा सेकंद फास्ट असेल तर तो गाडी चांगली चालवतोय किंवा त्याचं सेटिंग चांगलं आहे, तिसरं कारण शोधायला जागाच उरत नाही. विल्यम बायरन, ज्याने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं डेटोना ५००, म्हणजे नॅस्कार या अमेरिकन कार रेसिंग मालिकेतली सगळ्यात मोठी रेस, जिंकली, तो इथलाच शार्लटचा मुलगा, घरी कॉम्प्युटरवर आयरेसिंग हा रेसिंगचा गेम खेळून शिकला आणि मग खरी गाडी म्हणून आधी लेजंड्स कारच चालवली. नॅस्कारचे चॅम्पियन कर्ट आणि काइल बुश हे दोघे भाऊ पण लेजंड्समधूनच वर गेले. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे, मला वर कुठे जायचं नाही, चाळिशीपुढच्यांसाठी मास्टर्स म्हणून वेगळा गट आहे त्यात मी पळतो, पण गाडी तीच जी ती पोरं चालवतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता विकत घेण्याची गोष्ट, आणि हा भाग नीट वाचा कारण माझा अर्धा सीझन यातच गेला.

गाडी मी एका माणसाकडून घेतली, नाव गाव लिहीत नाही. साडेनऊ हजार डॉलर, सोबत दोन जास्तीच्या रिम आणि थोडेफार स्पेअर. बॉडीला नवा रंग, इंजिन एका स्टार्टरला चालू, आवाज इतका गोड की मी लगेच हो म्हणालो. बायको म्हणाली पण, "अरे खालून बघितलीस का नीट?" मी म्हटलं बघितली. बघितली म्हणजे काय तर वाकून टॉर्च मारला, तेल गळत नाही ना बघितलं आणि उठलो.

पहिल्या दोन रेस मी स्वतःहून मागून स्टार्ट मागितला, कारण दुसऱ्या कोणाचं नुकसान माझ्या हातून नको. पहिल्या रेसला सातव्या चक्करला चौथ्या वळणातून बाहेर पडताना गॅस दिला आणि गाडी मागून अशी सुटली की डोळ्यासमोर ग्रँडस्टँड, भिंत, परत ग्रँडस्टँड. मला वाटलं नवीन आहे, गॅस जास्त दिला. दुसऱ्या आठवड्यात हळू दिला, तरी तेच. तिसऱ्या आठवड्यात मी क्रॉस वेट वाढवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्रॉस वेट म्हणजे उजवं पुढचं आणि डावं मागचं चाक मिळून गाडीच्या एकूण वजनाचा किती टक्के भार उचलतात ते. चार चाकांखाली चार काटे ठेवायचे, ड्रायव्हर आत बसलेला हवा किंवा त्याच्या वजनाच्या पिशव्या सीटवर, आणि मग स्प्रिंगची कॉलर पाव-पाव आटा फिरवत आकडा जमवायचा. डाव्या वळणात हा आकडा वाढवला की मागचा भाग जमिनीला धरून राहतो, पण अति झालं की गाडी वळतच नाही, स्टीअरिंग फिरवा नाहीतर काही करा, नाक सरळ बाहेर जातं. इथे त्याला टाइट म्हणतात आणि मागून सुटली की लूज.

तर मी दर आठवड्याला क्रॉस वाढवत गेलो आणि गाडी वळणात शिरताना टाइट आणि बाहेर पडताना लूज, दोन्ही एकदम. टायर घासून उजवं पुढचं बाहेरून पार गुळगुळीत. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत गॅरेजमध्ये काट्यांवर गाडी आणि पोरगी वहीत आकडे लिहितेय, "बाबा, काल पण हाच आकडा होता." मास्टर्समध्ये शेवटून दुसरा, शेवटून तिसरा. खरं सांगतो, त्या दिवसांत मनातून फार खचलो होतो, कारण मेहनतीत कुठे कमी नव्हती.

मग पिटमध्ये माझ्या शेजारी ट्रेलर लावणारे एक आजोबा, सत्तरीचे असतील, नातवाची गाडी सांभाळतात. त्यांनी माझ्या मागच्या टायरवरून हात फिरवला, एकदा, दोनदा, आणि म्हणाले, दोरी आहे का? माझ्याकडे नव्हती. त्यांनी स्वतःच्या पेटीतून मासेमारीची नायलॉन दोरी काढली, चार स्टँड लावून गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर ताणली, आणि पट्टीने मागच्या उजव्या रिमचं अंतर आधी पुढच्या कडेला मग मागच्या कडेला मोजलं. फरक जवळजवळ पाव इंच. चाक बाहेरच्या दिशेला बघत होतं. अॅक्सलची नळीच वाकलेली, कधीतरी भिंतीला बसलेली गाडी, त्यावर नवा रंग मारून मला विकली.

म्हणजे गॅस दिला की ते उजवं मागचं चाक गाडीचं शेपूट भिंतीकडे ओढणार, आणि मी पुढून क्रॉस वाढवून ते झाकत बसलो होतो. आजोबा एवढंच म्हणाले की गाडी सरळ नसेल तर काट्यावरचा आकडा काही कामाचा नाही. एक पैसा घेतला नाही, उलट कुठल्या गॅरेजमध्ये सरळ अॅक्सल मिळेल ते सांगितलं. दुसऱ्या मंगळवारी बायकोने त्यांच्यासाठी पुरणपोळ्या दिल्या, त्यांनी ट्रेलरच्या पायरीवर बसून तीन खाल्ल्या.

अॅक्सल बदलला, क्रॉस परत खाली आणलं, आणि पुढच्या मंगळवारी प्रॅक्टिसला चौथ्या वळणातून बाहेर पडताना गॅस दिला तर गाडी नुसती पुढे गेली. मी हेल्मेटमध्ये मोठ्याने ओरडलो. लॅप टाइम एका संध्याकाळीत चार दशांश खाली. त्यानंतरच्या चार रेसमध्ये एकदाही फिरलो नाही, शेवटच्या रात्री सतरा गाड्यांत आठवा आलो, आणि सातव्याशी सहा चक्कर दार घासत पळालो, शेवटी मी त्याला मागे टाकू शकलो नाही पण रेस संपल्यावर त्याने येऊन हात मिळवला.

म्हणून सांगतो, जुनी गाडी घ्यायला हरकत नाही, पहिल्या सीझनला नवीन घेऊच नका, कारण घासणार, ठोकणार, तेव्हा ठोकलेली स्वस्त बरी. पण पैसे देण्याआधी दोरी लावा. मागचा अॅक्सल मोजा, दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजा, मापाने ७३ इंच असतो, पुढच्या स्पिंडल, म्हणजे चाकं ज्यावर बसतात ते भाग, हाताने हलवून बघा, पाइपवर जिथे रंग जाड दिसतो तिथे नखाने खरवडा, वेल्डिंग केलेलं असतं. इंजिनचं सील शाबूत आहे का बघा, तुटलेलं असेल तर टेकमध्ये, म्हणजे रेसच्या वेळच्या गाडीच्या तपासणीत, पास होणार नाही. विकणारा दोरी लावू देत नसेल तर घरी या.

सेफ्टीवर मात्र जुनं काही घेऊ नका, इथे मी अजिबात ऐकून घेणार नाही. गाडीसोबत आलेल्या बेल्टवरची तारीख बघितली तर कधीच उलटून गेलेली, एसएफआय या रेसिंगच्या सेफ्टी सामानाचे मापदंड ठरवणाऱ्या संस्थेचा शिक्का असलेले बरेचसे बेल्ट दोन वर्षंच चालतात, मी दुसऱ्या दिवशी नवीन मागवले. हेल्मेट स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए रेटिंगचं, म्हणजे कार रेसिंगसाठीचं, बाइकचं चालत नाही. आगीचा सूट, हातमोजे, बूट, आणि मानेसाठी हान्स. हान्स बद्दल दोन शब्द, खांद्यावर बसणारी ती कार्बनची पट्टी हेल्मेटला दोन दोऱ्यांनी बांधलेली असते, समोरून धडक बसली की अंग बेल्टमध्ये अडकतं पण डोकं पुढे फेकलं जातं, ते ही थांबवते. २००१ मध्ये डेटोनाला नॅस्कारचा नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट गेला तो कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने, आणि त्याच वर्षी नॅस्कारने असं काहीतरी घालणं सक्तीचं केलं. पहिले दोन दिवस मान वळत नाही म्हणून चिडचिड होते, मग सवय होते. मी पहिल्या रेसला भिंतीपासून हातभर अंतरावर थांबलो होतो, त्यामुळे त्या पैशांचं मला एक मिनिट वाईट वाटलेलं नाही.

गरम किती होतं ते विचारतात. जुलैच्या संध्याकाळी इथे दमट हवा, आपल्या मे महिन्यातल्या कोकणासारखी, त्यात तीन थरांचा सूट आणि पायांपुढे एअर-कूल्ड इंजिन. यलो फ्लॅग, म्हणजे ट्रॅकवर काही झालं म्हणून सगळ्यांनी हळू चालवायचा इशारा, पडला आणि हळू फिरायला लागलं की इंजिनला वारा मिळत नाही, तेलाचं तापमान चढतं, नजर तिथे ठेवावी लागते. मी दुपारपासून ताक पितो, मीठ-जिरं घालून, बाजारातल्या कुठल्याही ड्रिंकपेक्षा बरं पडतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो गिअर लिंकेजसाठी, तिसऱ्या गिअरऐवजी दुसरा पडायला वेळ लागत नाही, थोडं खेळून बसवावं लागतं. बाकी या पैशांत यापेक्षा खरी रेसिंग मला दुसरीकडे दिसली नाही.

आत्ता गाडी गॅरेजमध्ये स्टँडवर आहे, इंजिनच्या वॉल्व्हची फट मोजून बसवणं चालू आहे, पोरगी फट मोजायची पट्टी, फीलर गेज, धरायला शिकलीय आणि तिचं बँडोलेरोचं, म्हणजे मुलांच्या छोट्या रेसिंग गाडीचं, टुमणं सुरू आहे, वयाच्या आठव्या वर्षापासून चालवता येते ती. शार्लटच्या आसपास कोणी जुनी लेजंड्स घ्यायच्या विचारात असेल तर आधी कळवा, शनिवारी मी सोबत येतो. नायलॉनची दोरी, चार स्टँड आणि पट्टी आता माझ्या गाडीच्या डिकीतच असते.