मुलाचं कर्ज: घर तारण ठेवून फेडावं, की घर लांब ठेवून?

मुलगा तिशीतला, कमावता. दोन-तीन क्रेडिट कार्डं, एक पर्सनल लोन आणि मोबाईलवरच्या अ‍ॅपची किरकोळ कर्जं यांची गाठ बसलेली, आणि प्रत्येक कागदावर पत्ता आपल्या घराचा. मुंबईत ही वेळ आलेल्या आईबापांसमोर साधारण दोन रस्ते असतात. एक, आपला फ्लॅट तारण ठेवून मोठं मॉर्गेज लोन काढायचं, मुलाची सगळी देणी एकदम मिटवायची आणि मग एकच हप्ता भरत बसायचं. दुसरा, घराला हात लावायचा नाही. मुलानं एकेका बँकेशी बोलून हप्ते बांधून घ्यायचे किंवा कमी रकमेवर तडजोड करायची, आपण जमेल तेवढी रोख मदत करायची. आमच्या घरी दोन्हींचा पुरता विचार झाला. आम्ही दुसरा रस्ता धरला. तो सगळ्यांसाठी बरोबर आहे असं मी म्हणणार नाही, पण माझा कल कुठे आहे ते लपवतही नाही.

आधी एक भीती बाजूला काढू या, कारण ती डोक्यात असेपर्यंत दोन्ही रस्ते नीट दिसत नाहीत. मुलाच्या कर्जावर आपला पत्ता आहे म्हणून आपलं घर त्या कर्जात जात नाही. आपलं सिबिल, म्हणजे क्रेडिट स्कोअर, तोही त्यामुळे पडत नाही, ते ज्याच्या त्याच्या पॅनवर चालतं. घर अडकतं ते सहीमुळे. आपण सहकर्जदार आहोत का, जामीनदार आहोत का, फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटवर मुलाचं नाव आहे का, एवढंच बघायचं. जामीनदाराची सही असेल तर बँक मुलाला सोडून थेट आपल्या मागेही लागू शकते, कायद्यानं त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. अ‍ॅग्रीमेंटवर मुलाचं नाव असेल तर त्याच्या हिश्श्यावर जप्ती येऊ शकते, आणि अशा वेळी घाईघाईनं त्याचा हिस्सा दुसऱ्याच्या नावे करून दिला तर धनको तो व्यवहारच कोर्टात रद्द करून मागू शकतो. सोसायटीत मुलगा फक्त नॉमिनी असेल तर काळजी नाही, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आपण कुठे सही केली होती ते आठवत नसेल तर आपला स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा. असे रिपोर्ट देणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा तो फुकट द्यावा लागतो, आणि जामीनदार म्हणून आपलं नाव कुठे लागलं असेल तर त्यात सहसा दिसतं.

आता पहिला रस्ता. त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मी हातचं राखून सांगणार नाही. क्रेडिट कार्डाचं थकलेलं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात जातं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. मॉर्गेज लोन त्याच्या पावपट दरात मिळू शकतं. फोन थांबतात. दारावरची माणसं थांबतात. मुलाच्या रिपोर्टवर प्रत्येक खातं पूर्ण भरून बंद झालेलं दिसतं, तडजोडीचा डाग राहत नाही. पुढे त्याला स्वतःचं घर घ्यायचं असेल तर याची किंमत मोठी आहे. आमच्या ओळखीत एका कुटुंबानं हेच केलं आणि त्यांचं छान निभावलं. मुलाची सरकारी नोकरी, देणं घराच्या किमतीच्या मानानं अगदी थोडं, इमारत नवी.

तरी मला खटकलेली पहिली गोष्ट कायद्यातली आहे. कार्डाचं आणि पर्सनल लोनचं कर्ज विनातारण असतं. ते थकलं तर बँकेला लवादाकडे किंवा दिवाणी कोर्टात जावं लागतं, रक्कम वीस लाखांच्या वर असेल तर डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात. आणि हे सगळं मुलाच्या विरुद्ध, त्याच्या पगारावर, त्याच्या खात्यावर. आपण घर तारण ठेवलं की तेच देणं सरफेसी, म्हणजे तारणावरून वसुली करण्याच्या कायद्याखाली येतं. हप्ते नव्वद दिवस थकले की खातं एनपीए (थकीत) ठरतं, मग साठ दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर कोर्टात दावा न लावता बँक घराचा ताबा घ्यायला निघू शकते. म्हणजे जे कर्ज घरापर्यंत पोहोचतच नव्हतं, त्याला आपणच दार उघडून द्यायचं. व्याज कमी का मिळतं, याचं उत्तर इथेच आहे.

दुसरी गोष्ट बँकेत बसल्यावर कळली. मी निवृत्त, पेन्शनवर. माझ्या वयाला कर्जाची मुदत कमी बसते आणि हप्ता फुगतो. मुदत वाढवायची तर कमावता सहकर्जदार हवा. मुलाचं सिबिल पडलेलं, त्यामुळे तो चालत नव्हता. समोरच्या बाईंनी अगदी सरळपणे विचारलं, "काका, मुलगी नोकरी करते का?" लेकीचा या कशाशी काही संबंध नव्हता. भावाच्या देण्यापायी तिची सही घ्यायची हे आमच्या हिच्या मनाला पटेना, आणि माझ्याही.

एवढं होऊनही मी पहिल्या रस्त्याकडे झुकलेला होतो, हे खरं सांगतो. दारावर येणाऱ्या माणसांनी घरातली शांतता गेली होती आणि पैसे टाकून मोकळं व्हावं असं रोज वाटायचं. माझा निर्णय झाला तो एका कागदामुळे. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण व्याजदराच्या तक्त्यात तो कुठेच नसतो.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. इमारत ऐंशीच्या दशकातली, चार मजली, बिनलिफ्टची, आणि आमच्या रस्त्यावरच्या बहुतेक सोसायट्यांप्रमाणे आमचीही पुनर्विकासाची बोलणी चाललेली. फ्लॅट तारण ठेवायचा म्हणजे मूळ अ‍ॅग्रीमेंट, आधीच्या मालकाचं अ‍ॅग्रीमेंट, पावत्या आणि शेअर सर्टिफिकेट हे सगळं बँकेच्या कपाटात जातं. सोसायटीच्या दफ्तरात बोजाची नोंद होते. रजिस्ट्रारकडे नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे तारणाची सूचना, द्यावी लागते. इथपर्यंत ठीक. पण पुढे बिल्डरबरोबर नव्या जागेचा करार करायचा, जुनी जागा रिकामी करून द्यायची, तर तुमची जागा तुमच्या एकट्याची राहिलेली नसते. बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, लागते. ज्या फ्लॅटवर त्यांचं कर्ज आहे तो फ्लॅटच पाडायचा आहे, मग बँक सहज कशी हो म्हणेल? त्यांना विकासकाचे कागद हवेत, सोसायटीचा ठराव हवा, मंजूर नकाशे हवेत, आणि नव्या फ्लॅटचा करार थेट बँकेच्याच ताब्यात येईल अशी हमी हवी.

शेजारच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांचं हे मी जवळून पाहिलं. त्यांचं मॉर्गेज लोन धंद्यासाठी काढलेलं होतं आणि एक हप्ता कधी चुकला नव्हता. शाखेत गेले की सांगायचे, फाइल मुख्य कार्यालयात गेलीय. मुख्य कार्यालयाला विकासकाच्या वकिलाचा दाखला हवा असायचा. वकील म्हणायचा, बँकेनं मसुदा द्यावा. तोवर बाकीच्या सभासदांचे करार नोंदवून झाले, तात्पुरत्या जागेसाठी बिल्डरनं द्यायच्या भाड्याचे चेक वाटून झाले, लोक सामान बांधून निघाले. यांचा चेक अडकला, कारण ताबा दिल्याशिवाय भाडं नाही आणि एनओसीशिवाय ताबा नाही. सोसायटीच्या बैठकीत सेक्रेटरींनी बोजा असलेल्या फ्लॅटची यादी वाचली तेव्हा ते मागच्या खुर्चीवर फाइल मांडीवर घेऊन बसले होते, आणि सगळ्या सभासदांची मान त्यांच्याकडे वळली. अख्ख्या इमारतीचं काम एका माणसामुळे थांबलं अशी कुजबुज त्यांना ऐकावी लागली. शेवटी एनओसी मिळाली, काम मार्गी लागलं. पण आपल्या चालू बोलण्यांत हे संकट मी आपल्या हातानं ओढवून घ्यायचं, तेही मुलाच्या कार्डाच्या बिलापायी, हे मला जमलं नसतं. मी अर्ज मागे घेतला.

दुसरा रस्ता गुळगुळीत आहे असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. त्यात वेळ जातो आणि मन:स्ताप होतो. आम्ही सुरुवात पत्त्यापासून केली. मुलगा सुनेसह कल्याणला भाड्यानं राहायला गेला होता, पण कागदोपत्री मुलुंडलाच होता. नोंदवलेला भाडेकरार घेऊन त्यानं आधारवर पत्ता बदलला आणि मग प्रत्येक बँकेत केवायसी बदललं. मी माझ्या बाजूनं प्रत्येक बँकेला एक साधं पत्र दिलं: मी या कर्जात सहकर्जदार किंवा जामीनदार नाही, हे घर माझ्या एकट्याच्या मालकीचं आहे, कर्जदार इथे राहत नाही, त्याचा पत्ता आणि फोन असा असा आहे, यापुढे वसुलीसाठी इथे येऊ नये. शाखेत देऊन पोच घेतली, जिथे शाखा नव्हती तिथे स्पीड पोस्ट आणि ईमेल.

बहुतेकांनी ऐकलं. एका वसुली एजन्सीचा माणूस त्यानंतरही संध्याकाळी उशिरा यायचा आणि जिन्यातच मोठ्यानं बोलायचा, "काका, सोसायटीत चर्चा व्हायला नको ना?" रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक याबाबत स्पष्ट आहे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकलेल्या कर्जासाठी फोन करायचा नाही. कर्जदाराला, त्याच्या घरच्यांना, मित्रांना धमकावायचं नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. मी तारीख, वेळ आणि त्याचं बोलणं लिहून कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं, खाली एवढंच लिहिलं की तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. तो माणूस पुन्हा आला नाही. प्रत्येकाला इतकं लवकर यश येईल असं नाही, पण तोंडी वाद घालण्यापेक्षा कागद जास्त काम करतो हा माझा अनुभव आहे.

पैशाची मदत आम्ही केलीच. एक मुदत ठेव मोडली आणि अ‍ॅपवरची कर्जं आधी संपवली, कारण त्रास सर्वांत जास्त त्यांचाच होता. रक्कम मुलाच्या हातात दिली नाही, थेट कर्जखात्यात भरली आणि नो ड्यूज पत्र हातात आल्यावरच ते प्रकरण मिटलं असं धरलं. पर्सनल लोनला बँकेनं मुदत वाढवून हप्ता कमी करून दिला. एका कार्डाची तडजोड झाली. तडजोडीत दोन गोष्टी सांभाळा: बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि तारीख आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका, आणि एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर तर कधीच नाही.

या रस्त्याची किंमत मुलानं मोजली. रिपोर्टवर "सेटल्ड" असा शेरा आला, आणि तो असेपर्यंत गृहकर्ज अवघड आहे हे त्याला ठाऊक आहे. हप्ता बाऊन्स झाला की चेकचं कलम १३८ किंवा ऑटोडेबिटचं कलम २५ यांची नोटीस येऊ शकते. ती आली तर दुर्लक्ष करून चालत नाही, वकिलाकडे जावंच लागतं. सुनेनं घरखर्च आवळला. हे पाहून आईच्या पोटात कालवतं, आणि घर तारण ठेवलं असतं तर हे टळलं असतं का, असा प्रश्न आमच्याकडे आजही निघतो. थोडंफार टळलं असतं, हे मान्य करायला हवं. पण मग तो भार माझ्या पेन्शनवर, लेकीच्या सहीवर आणि आमच्या एकुलत्या छपरावर आला असता. आता तो ज्याचा आहे त्याच्याकडे आहे आणि आम्ही त्याला मागून हात देतोय. मुलगा स्वतः बँकेत बसून बोलायला शिकला, याचं मला मोल वाटतं.

इमारत नवी असेल, पुढची दहा-पंधरा वर्षं पुनर्विकासाचा प्रश्न नसेल, मुलाची नोकरी पक्की असेल आणि घरात दुसरं उत्पन्न असेल, तर पहिला रस्ता वाईट म्हणता येणार नाही. फक्त सही करण्याआधी शाखेकडून लेखी विचारून घ्या: पुनर्विकासाची एनओसी कोण देतं, त्यासाठी कोणते कागद लागतात, नव्या फ्लॅटवर कर्ज कसं हलवतात. जमा केलेल्या मूळ कागदांची यादी सही-शिक्क्यासह घ्या. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत ते कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई मिळते. डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. ती यादी हातात असेल तरच त्या नियमाचा उपयोग होतो.