लाल राज्यात मवाळ उमेदवार: प्रायमरीतून, अपक्ष म्हणून, की विरोधी पक्षातून?

यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला लीहायमध्ये राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला नुकतंच अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. मतदार नोंदणीचा अर्ज भरताना ती एका चौकटीपाशी अडली: पक्ष कोणता? रिपब्लिकन, डेमोक्रॅट, की कुठलाच नाही? लगेच फोन. "मला सिनेटमध्ये जरा समंजस माणूस हवाय, एवढंच. त्यासाठी कुठल्या रांगेत उभं राहायचं?"

यूटा म्हणजे पक्कं लाल राज्य. (अमेरिकेत लाल म्हणजे रिपब्लिकन. आपल्याकडच्या लाल बावट्याशी त्याचा काही संबंध नाही.) मी राहतो शिकागोत, जिथे सिनेटची जागा डेमोक्रॅटांकडे जाणार हे आधीच ठरल्यासारखं असतं. त्यामुळे माझा सल्ला तसा फुकटचाच. तरी तिच्यासाठी मांडणी केली, ती इथे देतो. टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्कात राहणाऱ्यांपुढेही थोड्याफार फरकाने हाच प्रश्न असतो.

आधी शब्दाचं बघू. ‘मवाळ’ म्हटलं की आपल्याला गोखले आठवतात, आणि पाठोपाठ सुरतेच्या अधिवेशनात १९०७ साली व्यासपीठावर भिरकावलेला तो जोडा. अमेरिकी सिनेटमधला मवाळ वेगळा. तो स्वभावाने मऊ असेलच असं नाही. अधूनमधून, मोजक्या मतदानांत तो पक्षाची रेघ ओलांडतो, इतकंच. म्हणून कोण मवाळ हे विचारण्यापेक्षा कुठल्या दिवशी, कुठल्या ठरावावर त्याने रेघ ओलांडली, हे विचारलेलं बरं.

यूटातच दोन वर्षांच्या अंतराने दोन प्रयोग झालेत: एक अपक्ष म्हणून, दुसरा प्रायमरीतून, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीतून. ते शेजारी शेजारी ठेवले की बरंच स्पष्ट होतं.

२०२२ साली रिपब्लिकन माइक ली यांच्यासमोर इव्हान मॅकमलिन अपक्ष उभे राहिले. सीआयएत काम केलेला, मूळचा रिपब्लिकन माणूस. डेमोक्रॅटांनी एप्रिलच्या राज्य अधिवेशनात आपला उमेदवारच द्यायचा नाही असं ठरवलं, म्हणजे सगळी ट्रम्पविरोधी मतं एका जागी येतील. यूटाचेच दुसरे रिपब्लिकन सिनेटर मिट रॉम्नी यांनी तर स्वपक्षाच्या ली यांनाही पाठिंबा दिला नाही. एवढं सगळं जुळून येऊनही निकाल लागला साधारण ५३ विरुद्ध ४३. दोन वर्षांपूर्वी ट्रम्प इथे वीस टक्क्यांनी जिंकले होते, हे पाहता अंतर निम्म्यावर आलं. पण जागा लींचीच राहिली.

२०२४ साली रॉम्नींची जागा रिकामी झाली. जॉन कर्टिस रिपब्लिकन पक्षातूनच उतरले. राज्य अधिवेशनात कडव्या कार्यकर्त्यांनी ट्रम्प यांनी पाठिंबा दिलेल्या ट्रेंट स्टॅग्ज यांच्या पारड्यात मतं टाकली. फक्त अधिवेशनावरच सगळं ठरत असतं तर तिथेच कर्टिस यांचं तिकीट कापलं गेलं असतं. पण यूटात २८,००० सह्या गोळा केल्या की अधिवेशनाचा कौल काहीही असो, प्रायमरीत उभं राहता येतं. जूनच्या प्रायमरीत सामान्य रिपब्लिकन मतदार आले आणि कर्टिस जवळपास निम्मी मतं घेऊन जिंकले. स्टॅग्ज तीस टक्क्यांच्या आसपास राहिले. नोव्हेंबरची निवडणूक उरली केवळ उपचारापुरती.

म्हणजे मैत्रिणीचं जूनमधलं एक मत नोव्हेंबरातल्या दहा मतांच्या तोलाचं. रिपब्लिकन प्रायमरीत मात्र त्या पक्षात नाव असल्याशिवाय मतपत्रिका मिळत नाही.

आता मिळालं काय, तेही बघा. कर्टिस हवामान बदलावर बोलणारे रिपब्लिकन; प्रतिनिधीगृहात त्यांनी त्यासाठी पक्षातल्या खासदारांचा गटच काढला होता. सिनेटमध्ये गेल्यावर एप्रिल २०२५मध्ये ऊर्जेवरच्या करसवलती एकदम कापू नका, असं पत्र लिहिणाऱ्या चार रिपब्लिकनांत ते होते. त्याच जुलैमध्ये ट्रम्प यांचं मोठं करविधेयक आलं, तेव्हा कर्टिस यांनी सवलतींची कापणी थोडी सौम्य करून घेतली आणि मत दिलं विधेयकाच्या बाजूने. त्याआधी संरक्षणमंत्रीपदी पीट हेगसेथ यांच्या नियुक्तीवर तीन रिपब्लिकन फुटले, त्यांत कर्टिस नव्हते. प्रायमरीतून आलेल्या मवाळाकडून घासाघीस मिळते, बंड क्वचित. रॉम्नींनी २०२०च्या महाभियोगात स्वपक्षाच्याच अध्यक्षाला दोषी ठरवलं, तसं मत देणारा माणूस वारंवार मिळत नाही, आणि २०२३मध्ये त्यांनी पुन्हा न लढायचं जाहीर केलं, हेही विसरू नये.

अपक्षाचं दुखणं वेगळंच. मॅकमलिन सांगत होते, मी कोणत्याच पक्षाच्या गटात बसणार नाही. ऐकायला स्वच्छ वाटतं. पण सिनेटमध्ये समित्यांवरच्या जागा पक्षांच्या गटातून मिळतात, आणि सभागृहात कुठलं विधेयक येणार हे बहुमतवाल्या गटाचा नेता ठरवतो. बर्नी सँडर्स आणि अँगस किंग हे दोघे अपक्ष म्हणून निवडून येतात, बसतात मात्र डेमोक्रॅटांसोबत, आणि हे त्यांच्या मतदारांना आधीपासून माहीत असतं. नेब्रास्कात डॅन ऑसबोर्न यांनीही २०२४ला हा प्रश्न मोकळाच ठेवला. ओमाहातल्या केलॉग्जच्या २०२१च्या संपाचं नेतृत्व केलेला हा कामगार रिपब्लिकन सिनेटर डेब फिशर यांच्याविरुद्ध साडेसहा-सात टक्क्यांनी हरला, तेही ट्रम्प वीस टक्क्यांनी जिंकले त्याच मतपत्रिकेवर. त्यांनी २०२६साठी पुन्हा उमेदवारी जाहीर केली, या वेळी राज्याचे दुसरे रिपब्लिकन सिनेटर पीट रिकेट्स यांच्याविरुद्ध. मला हा माणूस आवडतो. पण कोणत्या गटात बसणार हे न सांगणाऱ्याला मत देणं म्हणजे लिफाफा न उघडता सही करणं.

तिसरा रस्ता विरोधी पक्षातल्या, म्हणजे लाल राज्यात डेमोक्रॅट, मवाळाचा. इथे वेस्ट व्हर्जिनियाचे माजी सिनेटर जो मॅन्चिन हेच उदाहरण, आणि तेच एका अर्थी अपवाद. वेस्ट व्हर्जिनिया कोळशाचं राज्य. २०१०च्या जाहिरातीत मॅन्चिन बंदुकीत गोळी भरतात, नेम धरतात आणि कार्बनवर मर्यादा घालणाऱ्या, स्वतःच्याच पक्षाच्या विधेयकाच्या कागदाला भोक पाडतात. माजी गव्हर्नर, गावोगावी ओळख. २०१६ला ट्रम्प इथे ४२ टक्क्यांनी जिंकले, तरी २०१८ला मॅन्चिन तीन टक्क्यांनी निवडून आले. उदारमतवाद्यांनी त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या: सर्वोच्च न्यायालयावर कॅव्हनॉ यांच्या नियुक्तीला मत देणारे ते एकमेव डेमोक्रॅट, आणि बायडन यांची मोठी योजना डिसेंबर २०२१मध्ये त्यांनीच बुडवली. पण सिनेट ५०-५० असताना डेमोक्रॅटांचं बहुमत टिकलं होतं त्यांच्या जागेवर. न्यायाधीशांच्या नेमणुका, ऑगस्ट २०२२चा हवामान आणि औषधांच्या किमतींचा कायदा (५१ विरुद्ध ५०, उपाध्यक्षांच्या मताने), हे सगळं त्या बहुमतावर उभं होतं. ते २०२४ला लढलेच नाहीत आणि जागा रिपब्लिकन जिम जस्टिस यांनी सहज घेतली.

अलाबामात डग जोन्स यांचं तसं नव्हतं. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये १९६३ साली बॉम्ब ठेवणाऱ्यांना शिक्षा मिळवून देणारा हा सरकारी वकील डिसेंबर २०१७मध्ये जिंकला, कारण समोरचे रॉय मूर गंभीर आरोपांत सापडले होते. अंतर २२ हजारांच्या आत. आणि मतपत्रिकेवर तिसरंच नाव लिहिणारे २२,८००हून जास्त! ज्येष्ठ रिपब्लिकन सिनेटर रिचर्ड शेल्बी यांनीही तेच केलं होतं. समोर धड उमेदवार येताच, २०२०मध्ये, जोन्स वीस टक्क्यांनी पडले. ही जागा उसनवारीचीच होती, पण तीन वर्षं ती डेमोक्रॅटांच्या मोजणीत होती.

अलास्काचं मैत्रिणीला सांगावं की नको असं झालं, कारण तिथली पसंतीक्रमाने मत देण्याची सोय यूटात सिनेटसाठी नाही. तिथल्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की २०१०ला प्रायमरीत हरल्या आणि बंडखोरी केली. मतपत्रिकेवर नाव नाही, मतदाराने ते हाताने लिहायचं, आणि आडनाव हे असं. त्यांनी स्पेलिंग छापलेले मनगटी पट्टे वाटले. मग राजधानी जूनो शहरात एकेक मतपत्रिका हाताने तपासली गेली, चुकलेल्या अक्षरांवर भांडणं झाली आणि त्या जिंकल्या. २०२२पर्यंत अलास्कात पसंतीक्रमाची पद्धत आली होती: आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात १, २, ३ लिहितात, साधारण तशीच. पहिल्या मोजणीत ट्रम्प यांच्या उमेदवार केली चिबाका यांच्यावर जेमतेम दोन हजारांची आघाडी; डेमोक्रॅट उमेदवार बाद झाल्यावर तिच्या मतदारांची पुढची पसंती मर्कोव्स्कींकडे वळली आणि त्या साधारण ५४-४६ने निवडून आल्या. हेगसेथ यांच्या वेळी फुटलेल्या तिघांत त्या होत्या, त्यामागे हा हिशेब आहेच. पण २०२५च्या त्या करविधेयकाला, अलास्कापुरत्या सवलती पदरात पाडून, त्यांनीही होकार दिला.

मैत्रिणीला मी सरळ सांगितलं: सिनेटमध्ये बहुमत कोणाचं हे तुझ्या दृष्टीने महत्त्वाचं असेल, तर मवाळ-जहाल सोड आणि उमेदवार कोणत्या गटात बसणार ते बघून नोव्हेंबरात मत दे. माणूस बरा हवा असेल, तर रिपब्लिकन चौकटीवर खूण कर. नाव नोंदवलं म्हणजे निष्ठेची शपथ घेतली असं नाही. नोव्हेंबरात कोणालाही मत दे.

"आईला कळलं तर?" ती म्हणाली. आई साताऱ्यात असते.

लींची जागा २०२८ला निवडणुकीला येईल. तिने खूण केली. नवऱ्याने चौकट रिकामी सोडली, आणि त्यातही शहाणपण आहे: यूटात कुठल्याच पक्षात नाव नसलेल्याला प्रायमरीच्या तोंडावरही रिपब्लिकन होता येतं, डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेल्याला मात्र ते बरंच आधी करावं लागतं.