शार्लटची स्टॉक कार राइड : गाडीपेक्षा ड्रायव्हरसाठी जा

बाबा आलेत सहा महिन्यांसाठी आमच्याकडे. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली त्यांची, त्यामुळे मॉल आणि मंदिरं दाखवून झाल्यावर मी म्हटलं आता यांना यांच्या आवडीचं काहीतरी दाखवू. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला राहतो आणि नॅसकारच्या, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या स्टॉक कारच्या रेसच्या, बहुतेक टीम याच पट्ट्यात आहेत, कॉन्कॉर्ड, मूर्सव्हिल, हंटर्सव्हिल सगळं जवळजवळच. कॉन्कॉर्डला शार्लट मोटर स्पीडवे आहे, १९६० सालचा, दीड मैलाचा ट्रॅक, तिथे रेसिंगमधून रिटायर झालेल्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसवून फिरवतात. बाबांना बीपीचा त्रास म्हणून ते बाहेर उभे राहिले आणि मी बसले, तीन लॅपसाठी, म्हणजे ट्रॅकच्या तीन फेऱ्यांसाठी.

आधी जे आवडलं नाही ते सांगते. कंपनीचं नाव लिहित नाही. दिलेल्या वेळेनंतर दीड तास उन्हात उभं केलं, आणि आत गेल्यापासून फोटो घ्या व्हिडिओ घ्या चालू होतं, ते वेगळ्या पैशात. तिकीट आधीच स्वस्त नाही, त्यामुळे हे खटकलंच.

पण गाडी बघाच. दरवाजेच नाहीत, खिडकीतून पाय घालून आत बसायचं, ड्रायव्हर बसताना स्टिअरिंग काढून ठेवतो आणि बसल्यावर परत लावतो. आत नुसते लोखंडी पाइप वेल्ड केलेले, आणि स्पीडोमीटर नाही! खऱ्या रेसमध्येसुद्धा नसतो, टायर-पेट्रोलसाठी थांबायच्या पिट रोडची स्पीड लिमिटसुद्धा आरपीएम (इंजिनचे फेरे) बघून पाळतात. वळणावर ट्रॅक २४ अंश उचललेला आहे, म्हणजे उभं राहिलं तर घसरायला होईल असा, आणि सगळी वळणं डावीकडे असल्यामुळे बाहेरची भिंत शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला येते. पहिल्या वळणाला माझा श्वास अडकला होता, मान उचलता येत नव्हती, आणि ड्रायव्हरचे हात बघितले तर आपण चहाचा कप धरतो तितके सैल.

खरी मजा उतरल्यावर आली. आमची शेवटची बॅच होती, ड्रायव्हर मोकळा होता, बाबांनी मला मध्ये घालून त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि माणूस अर्धा तास बोलला. तो पार्ट-टाइम रेसर आहे. आठवडाभर आमच्यासारख्यांना फिरवायचं आणि शनिवारी छोट्या ट्रॅकवर लेट मॉडेल, म्हणजे स्थानिक रेसची स्टॉक कार, चालवायची. आधी वरच्या सिरीजमध्येही थोड्या रेस केल्यात. मला वाटायचं चांगला चालवतो त्याला टीम बोलावते, तर तसं नाही, छोट्या टीममध्ये स्पॉन्सर आणेल त्याला सीट, पैसे संपले की सीट गेली. कप सिरीजला, म्हणजे नॅसकारच्या सगळ्यात वरच्या सिरीजला, वर्षाला ३६ रेस असतात पण हे लोक त्यातल्या दोन, चार, सहा करतात. एका रेसला सहसा जास्तीत जास्त ४० गाड्या, त्यातल्या ३६ जागा चार्टर, म्हणजे प्रत्येक रेसमध्ये जागेचा हक्क, असलेल्या टीमच्या पक्क्या, उरलेल्या ४ जागांसाठी बाकीच्यांनी झगडायचं.

एक गोष्ट सांगताना त्याचा आवाज बदलला. साधारण २०१० च्या आसपास काही छोट्या टीम रेस सुरू करायच्या आणि थोड्या लॅपनंतर गाडी गॅरेजमध्ये घ्यायच्या, कारण पुढच्या टायरसाठी पैसे नसायचे आणि शेवटच्या नंबरचे पैसे तरी मिळायचे. निकालात कारण लिहायचं ब्रेक किंवा व्हायब्रेशन. त्यानेही केलंय ते. मी मराठीत सांगितलं तेव्हा बाबा जरा गप्प बसले, मग म्हणाले, "चालू गाडी उभी करायची म्हणजे फार जीवावर आलं असेल गं त्याच्या." मी ते त्याला सांगितलं तर त्याने बाबांचा हात हातात घेतला.

अशा छोट्या रेसरना धीर ट्रेव्हर बेन या ड्रायव्हरचा. २०११ ची डेटोना ५००, म्हणजे नॅसकारची सगळ्यात मानाची रेस, आदल्या दिवशी वीस वर्षं पूर्ण झालेली, कप सिरीजमधली फक्त दुसरी रेस, टीम वुड ब्रदर्स, तीही तेव्हा सगळ्या रेस न करणारी, आणि पोरगा जिंकला! ती रेस जिंकणारा सगळ्यात लहान ड्रायव्हर. आणि वर्षाच्या चॅम्पियनशिपचे पॉइंट किती मिळाले तर शून्य, कारण त्या वर्षीपासून ड्रायव्हरने एकाच सिरीजचे पॉइंट निवडायचे असा नियम आला होता आणि त्याने खालची सिरीज निवडलेली. पुढे कप सिरीजमध्ये त्याला दुसरी रेस जिंकता आली नाही, नंतर त्याने कॉफीचा व्यवसाय काढला. आमच्या ड्रायव्हरने हे सगळं घरच्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

तर माझ्याकडून राइडला पाचपैकी चार, एक कापला तो उन्हातल्या दीड तासाचा. पाण्याची बाटली आणि टोपी न्या, पूर्ण पॅन्ट आणि बंद बूट घाला, मानेचा त्रास असेल तर बसू नका. फोटोचं पॅकेज घेऊ नका, बाहेर उभ्या माणसाने फोनवर काढलेला व्हिडिओ पुरतो. आणि बुकिंग करताना दिवसाचा शेवटचा स्लॉट मागा, तेव्हा ड्रायव्हरना घाई नसते. आमच्या ड्रायव्हरची येत्या शनिवारी हिकरीला रेस आहे, बाबांनी दोनदा विचारलंय किती वाजता निघायचं.